जागा-पाहणीचा अहवाल

साहेब,
तुम्ही म्हणालात, शितोळे, जरा प्रेरणा देणारी जागा बघा,
माणसं एकशे बारा, दिवस एक, बजेट गेल्या वर्षीचंच.
म्हणून मकरपुऱ्याहून स्कूटर काढली
आणि तीन शनिवार हिंडलो.
पेट्रोलच्या पावत्या मागे टाचल्या आहेत.

अलकापुरीतलं हॉटेल चांगलं आहे.
हॉल तळघरात. खिडकी नाही,
पण खिडकीएवढा धबधबा भिंतीवर लावलाय, मागे बल्ब.
मॅनेजर म्हणाला, बाहेरचं दिसलं की लोकांचं लक्ष उडतं.
मी विचारलं, आणि आतलं दिसलं नाही तर?
तो हसला. ताटामागे पन्नास कमी केले.

आजव्याच्या रस्त्यावर रिसॉर्ट.
दारात सिमेंटचे बगळे, एका पायावर.
एकाचा तो पायही झिजून आतली सळई दिसते; उभा आहे.
तिथली मुलगी दोरखंड दाखवत होती,
दोन्हीकडून ओढायचा, म्हणजे टीम तयार होते.
म्हटलं, बेन, आमच्याकडे ते रोजच चालतं.
फाटकाबाहेर खरा बगळा होता, शेतात.
त्याचा दर विचारायचा राहून गेला.

सिंधरोटला, महीच्या काठी, फार्महाउस.
वारा आहे, पाणी आहे, तीनपर्यंत सावलीसुद्धा.
मालक दर वाचत होता : नाश्ता इतका, माईक इतका,
‘ने प्रेरणा तो, साहेब, मफत.’
जवळजवळ होकार देऊन बसलो होतो
पण बसल्या बसल्या आठवलं,
गुरुवारी तुमच्या केबिनमधून जी दुसरी यादी आली
ती टाइप मीच केली.
एकोणीस नावं. दुसरी पाळी.
समासात तुमची पेन्सिल : ‘जेवणानंतर, भाषणाच्या शेवटी.’

तेव्हापासून जागेत मी वेगळंच बघतोय.
श्रीखंडानंतर, लॉनवर, फुग्यांच्या कमानीखाली
रमणिक सोलंकीला हे कसं ऐकू येईल?
माईकचा आवाज किती ठेवायचा?
पॅकिंगमधल्या जागृती वाळिंब्यांनी या दिवसासाठी
नवी चप्पल घेतलीय, सगळ्यांना दाखवून झाली.

चौथी जागा तुमच्या यादीत नव्हती.
दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत आखाडा आहे.
लहानपणी चार वर्षं गेलो, एक कुस्ती जिंकलो नाही.
वर पत्रे. मधे तांबडी माती, ताक-हळद घालून मुरवलेली.
चपला बाहेर. खुर्ची नाही;
आणली तरी तिचे पाय रुततात, कुणाचीही असो.
प्लग एकच, तो पंख्याचा.
वस्ताद पोपटराव. मी भाडं विचारलं,
ते म्हणाले, आधी सांगा, कुणाची कुणाशी लावायचीय?
मला उत्तर सुचलं नाही.

समोर दोन पोरं झोंबत होती. एक चीत झाला.
जिंकलेल्याने हात देऊन उठवलं
आणि त्याच्या पाठीवरची माती झटकली,
नीट, खांद्यापासून कमरेपर्यंत,
आई शाळेत पाठवताना झटकते तशी.
वस्ताद म्हणाले, नियमच आहे इथला,
पाडणाऱ्यानेच झटकायची.
दुसऱ्याला सांगायचं नाही.

तर साहेब, चार जागा. दर सोबत.
आखाड्याचं भाडं : तेलाचे दोन डबे, दहा लिटर ताक.
जेवण बाहेरून मागवावं लागेल.
पँटला डाग पडतील, ते लवकर जात नाहीत,
हे आधीच लिहून ठेवतो.
‘शिफारस’ हा रकाना कोरा ठेवलाय.

अलकापुरीवाले बुधवारपर्यंतच हॉल धरून ठेवतील.
आखाडा काय,
रोज पहाटे पाचला उघडतो.