तिसरा ट्रॉम्बोन

मेकनमध्ये शरद उशिरा येतो,
उसने पैसे परत करायला निघालेल्या माणसासारखा,
वाटेत दोनदा माघारी फिरून.
ऑक्टोबर अर्धा सरला तरी डास आहेत,
पेकनची झाडं हिरवीच,
पिकलंय ते फक्त वर्तमानपत्राचं शेवटचं पान:
मातीची भांडी, गोधड्यांचं प्रदर्शन, नाटक, बँड,
भोपळ्यांच्या शेतात ट्रॅक्टरची फेरी.
आई लाल पेन्सिलीने सगळ्यालाच गोल करते.
एवढं सगळं होणार नाही, मी म्हणतो.
ती ऐकत नाही.
म्हणजे, तिला खरंच ऐकू येत नाही.

चौतीस वर्षं शाळेच्या तळघरात
तिने पोरांना फुंकायला शिकवलं.
डावा कान त्यातच गेला.
उजवा बूट घालून दारात उभा आहे.
यंत्र आणलं, ते मोज्यांखाली ठेवून दिलंन्:
"त्यातून ट्रम्पेटचा पत्र्याचा डबा होतो."

शनिवारी नाटक.
भावाची जुनेल तिसऱ्या अंकात पोस्टमन.
पडदा मध्येच अडकला,
खाली कुणाचे तरी बूट बराच वेळ धावपळ करत होते.
आईने कोपराने ढोसलं, काय म्हणाली ती?
मी अंधारात कार्यक्रमपत्रिकेच्या कडेला लिहीत गेलो,
ओळीवर ओळ चढत गेली.
घरी आल्यावर एकच वाक्य लागलं:
पत्र आहे, पण पत्ता पुसला गेलाय.
आईने ते कात्रीने कापून
फ्रिजवर लावलं, विजेच्या बिलाशेजारी.

रविवारी बाग.
घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी,
कागदी पिशवीत उकडलेल्या शेंगा,
खारं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत.
टेरन्स चार वर्षांचा, माझा धाकटा,
भोपळ्याच्या स्टॉलवरून मिळालेला
नारिंगी फुगा घेऊन कुत्र्यांना घाबरवतोय.
बँड सुरू झाला.
आई बघत होती, नुसती बघत होती,
जसं बंद दुकानाच्या काचेतून आत बघतात.
मी दुसरीकडे पाहिलं.

तेवढ्यात फुगा तिच्या मांडीवर येऊन आपटला.
तिने तो उचलला
आणि खाली ठेवलाच नाही.
दोन्ही तळवे त्याच्या गालांवर,
मग छातीशी, मग हनुवटीखाली.
टेरन्सने भोकाड पसरलं.
माझ्या आईने, अर्नेस्टीन ब्रुअरने,
जिने कधी कुठल्या पोराचा खाऊ हिसकावला नाही,
नातवाचा फुगा दिला नाही.
"ट्यूबा," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "बास ड्रम."
आणि मग भुवया जवळ आणून, जुन्या आवाजात:
"तिसरा ट्रॉम्बोन अर्धी मात्रा मागे आहे."

मला तसं काही वाटलं नव्हतं.
पण मला कुठे काय कळतं,
मी तळघरातून पळून फुटबॉल खेळणारा.

कार्यक्रम संपल्यावर तिसरा ट्रॉम्बोन
गवत तुडवत आमच्याकडेच आला,
पोट सुटलेला, दाढी पांढरी, टाय सैल.
"मिस ब्रुअर, मी लामॉंट. सत्याऐंशीची बॅच."
तिने त्याच्या ओठांकडे बघितलं,
मग त्याचा टाय नीट केला.
मात्रेबद्दल चकार शब्द नाही.
तो गेल्यावर मला म्हणाली,
"तेव्हाही मागेच असायचा. बिचाऱ्याचं लग्न टिकलं का, विचारायचं राहिलं."

परतताना रुळांपाशी फाटक पडलं.
लाकडाचे ओंडके लादलेली मालगाडी,
संपता संपेना.
टेरन्स मागे झोपलेला, नाकाला शेंगेचं साल.
आईने काच खाली केली नाही.
फुगा काचेला टेकवला, वर कपाळ टेकवलं,
आणि डबे मोजावेत तशी
ओठ हलवत बसली.

फाटक उघडलं.
मागच्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला.
"थांब," ती म्हणाली,
"अजून जातेय."