ग वरून

सुरुवातीलाच स्वर खर्चून टाकावेत,
असं एलिनेडचं मत.
वेल्शमध्ये डब्ल्यूसुद्धा स्वर, हे विसरू नये.
राखाडी झालेलं अक्षर वाया जात नाही,
निदान एक दार तरी लावून घेतं.

अबेरिस्टविथ, सकाळचे सात.
फोनवरचं कोडं चौथ्या फेरीत सुटलं.
आता गेथिन.
झटक्यानंतर त्याच्या जिभेवर
शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं उरलंय.

ग.

ग्वेली? अरे, पलंगावरच तर आहेस.
राखाडी.
ग्विदर? काच?
एक भुवई हलली. पिवळं म्हणू या.
इथं घाई नडते.
ती त्याची नजर जाते तिकडे बघत राहिली,
काचेतून, काचेपलीकडे.

ग्विंट. वारा.

खिडकी ढकलली तशी
औषधांच्या चिठ्ठ्या उडाल्या,
त्याचं अर्धं तोंड हसलं.
तिसऱ्यात जमलं बघ, ती म्हणाली,
फोनपेक्षा एक कमी.