कोपराने बंद होणारा नळ

तांबट लेनमधून मी आधी एक पातेलं आणलं, तांब्याचं, बिनकल्हईचं,
उन्हात धरलं तर भिंतीवर केशरी डाग हलवणारं.
आईने नखाने वाजवून पाहिलं. म्हणाली, परत कर.
यात आंबवायचं काही ठेवू नये
हे चिंचेलासुद्धा ठाऊक आहे.

मग भद्रकालीतली बादली. वीस लिटर, पांढरी,
स्वस्त, कारण आधी तिच्यात लोणचं होतं.
झाकण काढून आईने डोकंच आत घातलं.
हिंग. मोहरी. गेल्या साली मुरलेलं तेल.
प्लास्टिक विसरत नाही रे, आतून आवाज आला.

तिसरी नवी. अन्नासाठीची, तळाला तसा छाप.
आईने डोळे मिटून आतून बोट फिरवलं,
गोल, गोल, खाली.
ओरखडा म्हणजे चाळ, म्हणाली,
एका खोलीत हजार जण राहतात, भाडं कुणीच देत नाही.
त्या दिवसापासून घरातली तारेची घासणी सापडत नाही.

एकतीस वर्षं सिव्हिलच्या वाफेच्या खोलीत
तिने कात्र्या, चिमटे, सुया निर्जंतुक केल्या.
ऑपरेशन एकही पाहिलं नाही.
कोण वाचलं, कोण गेलं, ते ट्रे सांगत नसत.
ती मोजून घ्यायची: बारा गेले, बारा आले.

मी घरी बिअर करणार, हे तिला आवडलं असं मुळीच नाही.
शरणपूरच्या आमच्या गल्लीत बातमी
पाववाल्याच्या सायकलीआधी पोचते.
आठ दिवस ती माझ्याशी मीठ-भाकरीपुरतं बोलली.
नवव्या दिवशी मी नळी नुसती विसळून दोरीवर टाकली
आणि ते मात्र तिला सहन झालं नाही.

"धुणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं.
आधी घाण काढ. घाणीवर औषध ओतलंस
तर औषध घाणीशीच भांडत बसतं."

भंगारवाल्या इस्माईलभाईंकडच्या चाळीस बाटल्या,
तपकिरी, रात्रभर धुण्याच्या सोड्यात.
सकाळी टबात कागदी मुकुट तरंगत होते, घोडे, गव्हाची कणसं.
सातांच्या तोंडाला टवके.
"टाक. डोळा जाईल कुणाचा."
लिंबाच्या वासाचा साबण तिने उचलला, तेव्हा मी म्हणालो, नको,
त्याचा थर राहिला तर फेस बसतो.
ती थांबली. साबण परत वडीवर ठेवला.
असं काही तिला मी पहिल्यांदाच सांगत होतो.

मग आयोडिनचं पाणी, फिक्या चहाच्या रंगाचं.
बुच, नळी, एअरलॉक, तो नाजूक हायड्रोमीटर,
सगळं बुडालं. दोन मिनिटं.
भिंतीवर घड्याळ असताना तिने
पदराला टाचलेलं जुनं काढून पाहिलं.
मी फडकं घेतलं तर मनगट धरलं:
"पुसलंस की संपलं. निथळू दे."

शनिवार होता. ओट्यावर उद्याच्या प्रभुभोजनाचा ट्रे,
छत्तीस इवले पेले, पांढऱ्या कापडावर पालथे.
ते तिने आधी धुतले होते. मग माझं.
मोरी तीच, हात तेच,
मध्ये फक्त एकदा कोपरापर्यंत हात धुतले.
निवृत्तीच्या पैशातून तिने स्वतःसाठी
एकच वस्तू घेतली आहे: लांब दांड्याचा नळ,
दवाखान्यात असतो तसला.
तो तिने आत्ता कोपराने बंद केला.

"तेहतीस," ती म्हणाली. जरा थांबून, "छत्तीस."
मी काही विचारलं नाही.
"आता कशालाही हात लावायचा नाही."

दोघंही हात वर धरून, बोटांवरून पाणी कोपरांकडे
उतरू देत मोरीपाशी उभे.
आणि दारावरची बेल
कुणीतरी केव्हापासून वाजवतंय.