पकड

अंबोनच्या धक्क्यावर, मालकोठीच्या मागच्या सावलीत
देमियानुस लेकाटोम्पेसी खोक्याचे खिळे उपटतोय.
हातातल्या हत्याराला इथे काकातुआ म्हणतात:
वाकडी चोच, दोन जबडे, मध्ये खिळ्याचं डोकं.
पक्ष्यावरून हत्याराला नाव पडलं की हत्यारावरून पक्ष्याला,
यावर त्याचा बाप आणि चुलता
एका होडीचा कणा बसवता बसवता आठवडाभर भांडले होते.
होडी झाली. भांडण अजून किनाऱ्यावरच आहे.

आपल्याकडे हेच नाव समुद्र ओलांडून आलं
आणि आल्या आल्या काका होऊन बसलं.
इथे काका म्हणजे थोरली बहीण, नाहीतर थोरला भाऊ;
तुआ म्हणजे म्हातारं.
नातं कुठलंही लावा, ओरडणं तेच.

शेवटचा खिळा.
आत बाटल्या. पाण्याच्या, दीड लिटरच्या, बूड कापलेल्या.
प्रत्येकीत काहीतरी पांढरं कोंबलेलं,
तोंड बुचाकडे.

मर्सी तुहुमुरी फॉर्म घेऊन उभी.
"जात?" ती विचारते; कुणाला नाही, रकान्यालाच.
सेरामचा असेल तर उद्याच्या बोटीनं पलीकडे.
हल्माहेराचा असेल तर उत्तरेला, लांब.
चुकलं तर परक्या रानात जन्मभराचा पाहुणा.
कात्रीनं ती बाटली उभी चिरते,
हळू, कापड बेतल्यासारखी.

तो तिच्या मनगटावर चढतो,
आधी चोच, मग पाय.
दोन बोटं पुढे, दोन मागे,
चोच म्हणजे जणू तिसरा पाय.
तिच्या बाहीला पीठ लागतं:
पिसांचंच, अंगातल्या अंगात दळलेलं.
पोपटाच्या घराण्यात जन्मला,
पण हिरवा नाही, निळा नाही;
ते दोन रंग करायची विद्या या पिसांना मिळालीच नाही.
मिळाली पित्ताची पिशवी,
जी बहुतेक पोपटांना नसते.
डोळ्यांकडे बघा,
खवळलंय.

पण जात सांगतो तुरा.
आणि तुरा मिटलेला,
डोक्याला चिकटलेला, मळका.
मर्सी थांबते. गोड बोलते. केळ्याचा तुकडा धरते.
काही नाही.
"नावानं हाक मार की," देमियानुस म्हणतो.
"नावच तर शोधतेय."

तेव्हा त्यानं हातातली पकड
रिकाम्या खोक्यावर आपटली.

आणि तुरा उघडला,
आतून फोडलेल्या पपईच्या रंगाचा, सगळाच्या सगळा,
कोठीच्या त्या अंधुक उजेडात.

"सेराम," मर्सी लिहिते. पुढे लॅटिन नाव.
अक्षर थोडं हललंय.
घाबरला, म्हणून पत्ता कळला.

पक्षी अजून मनगट सोडत नाही.
अकरा बाटल्या बाकी आहेत.
देमियानुस पकड पुसतो, खिशात घालतो,
परत काढतो, आणि तिच्यापुढे धरतो.
"पुढच्याला तू आपट."