खडीतली चार

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
माझं काम एवढंच होतं :
कोऱ्या करकरीत कागदावरून नजर फिरवायची,
रेघ केसभर सरकली,
शाई कुठं जराशी फुटली,
की म्हणायचं, बाद.
घरी जेवायला बसलो तरी
आधी दिसायचा भाकरीवरचा डाग,
भाकरी मागाहून.
कुमुद म्हणायची, "ताटाला तरी पास करा."

आता वावीच्या पलीकडं, माळावर
दोन खोल्या, एक टाकी, पत्र्याची पडवी.
मेनरोडवरून जुना कॅमेरा आणला,
भिंगावर बारीकसा ओरखडा आहे.
दुकानातच दिसला होता.
तरी घेतला.

लांब कुठं जात नाही.
तरवडाच्या फुलात लोळून लोळून
पिवळा झालेला भुंगा,
रुईच्या पानाखाली चट्ट्यापट्ट्यांची अळी,
विषारी चीक पिऊन गुटगुटीत.
धुण्याच्या दगडाखाली सापसुरळी राहते,
तिचा फोटो म्हणजे नेहमी
शेपटीचा फोटो.
मोटारीच्या पेटीवर सरडा,
गळा लाल करून मला दम देणारा,
जसं काही वीजबिल तोच भरतो.
आणि सातभाई :
कधी मोजले तर सहा, कधी आठ,
सात अजून एकदाही नाही.

बिरू मेंढरं घेऊन जाताना थांबतो.
"ह्येचा काय फोटू काढायचा, बाबा?
ह्ये तर रोजचंच."
मी त्याला पडद्यावर मुंगळा दाखवला,
मिशा पुसत बसलेला, हाताएवढा.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, "हा आपल्याकडचा न्हाई."

चैत्र संपता संपता
कुंपणासाठी खडी टाकून घेतली, एक ट्रॅक्टर.
दुसऱ्या आठवड्यात टिटवी डोक्यावरून फिरू लागली,
दिवसा ओरड, रात्री ओरड.
शेजारच्या सगुणाबाई दारात येऊन म्हणाल्या,
"हिचं ओरडणं बरं नसतं."
म्हणे टिटवी समुद्र आटवते.
इथं पंधरा दिवसांनी टँकर येतो, बाई,
आटवायला हिनं आणायचं काय?

मी मात्र खडीच्या ढिगाचे
चाळीसेक फोटो काढले.
पोटावर झोपून, कोपरं सोलून,
सकाळच्या उन्हात, कलत्या उन्हात.
खडी. नुसती खडी.
रात्री मोठं करून पाहिलं,
पट्ट्या पाडून, डावीकडून उजवीकडं,
सवयीप्रमाणे.
काही नाही.

कुमुद तांदूळ निवडत होती.
ताट घेऊनच मागं येऊन उभी राहिली,
चष्मा न लावता
बोट टेकवलं काचेवर :
"हे चार दगड बघा.
यांच्यावर ऊन वेगळं बसलंय."

चार. टोकं आत वळवून,
मातकट, काळ्या शिंतोड्यांची,
आणि एकावरचे शिंतोडे
दुसऱ्यावर नाहीत.
शाई जागोजाग फुटलेली.
चारी बाद झाली असती माझ्या टेबलावर,
दिसली असती तर.

मी काही बोललो नाही.
तीही बोलली नाही, फक्त
तांदळातला एक खडा उचलून
माझ्यापुढं ठेवला,
आणि हसली.

तेव्हापासून फोटो आधी तीच बघते.
हललेले, धूसर, अर्धे शेपूट असलेले
खोडून टाकायचे म्हटलं तर
"राहू द्या" म्हणते.
ओरखडाही आता मला
कधी कधीच दिसतो.

कोंडाजी गवंडी सकाळी आला होता,
सायकल कुंपणाच्या खुणेला टेकवून.
"खडी कधी उचलू, साहेब?
सिमेंट गोठून जाईल."
टिटवी त्याच्या टोपीवर झेपावली,
तो खाली बसला, मीही.
"पाणी नाही सध्या," मी म्हणालो,
"ज्येष्ठात बघू."
खोटं नव्हतं ते.
टाकीत मोजून चार बादल्या होत्या,
त्यातली एक
कुमुदनं मघाशीच
परातीत ओतून
ढिगापासून जरा लांब नेऊन ठेवली होती.