दोन इंच

मॅनस मॅकनेलिसकडे मी तेलाचे डबे उचलायचो,
होल्योकच्या कालव्यालगत, कागद गिरणीच्या मागे.
चौदाचा होतो. आठवड्याला तीन डॉलर,
आणि कोट जळला तर तो आपला आपण शिवायचा.

माणसांशी तो कमीच बोले.
यंत्रांशी बोलायचा, डोनेगॉलच्या घशातल्या भाषेत,
शिवी द्यायची झाली की इंग्रजीत.

"तार जोडणं कुणालाही जमतं," म्हणायचा,
"तोडून दाखव."

आणि खटका ओढायचा.
तांब्याच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून सुटत
आणि मधल्या दोन इंचांत
निळापांढरा जाळ उभा राही, थरथरत.
तुटलंय हे प्रवाहाला कळायचंच नाही.
पट्ट्या वितळत. खोलीभर कडू वास.
त्याच्या उजव्या भुवईला केस नव्हते.

एका रात्री, तेल गाळताना, आपणहून म्हणाला:
निघायच्या आदल्या रात्री घरी जागरण झालं,
माणूस गेल्यावर करतात तसंच.
शेजारीपाजारी, तंबाखू, फिडल, रडणं,
आणि मी तिथंच स्टुलावर, जिवंत,
उसन्या बुटांत.
पहाटे आईनं पीटचा निखारा राखेखाली झाकला
रोजच्यासारखा,
आणि दारापर्यंत आली नाही.

मग म्हणाला, गाळणं धुऊन ठेव.

वाळू करून झाली. भात्यानं फुंकून झालं.
लोहचुंबकात एक अख्खा हिवाळा गेला.
शेवटी पट्ट्याच तेलात बुडवल्या.
खटका ओढला.
टाकीत गुडगुड झाली, एक बुडबुडा वर आला,
बस्स.
मी टाळ्या वाजवल्या.
तो टाकीवर हात ठेवून उभा,
तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

कंपनीनं चारशे डॉलरला कागद लिहून घेतला.
बिडाच्या पाटीवर कंपनीचं नाव.
बोस्टनला म्हणे आणखी कुणी तेच केलं होतं, आधी.
तो म्हणाला, असेल.
दीडशे घरी पाठवले.

दीडशेची पोच आली ती काळ्या काठाच्या पाकिटात,
मास्तरांच्या अक्षरात.
उभ्यानंच वाचली. घडी घालून
मोजपट्टीच्या डब्यात ठेवली.

"टाकी रिकामी कर."
अहो पण,
"आज तेल नको."

त्या रात्री त्यानं खटका ओढला,
जोडला, पुन्हा ओढला. हवेत. उघड्यावर.
दर वेळी जाळ उभा राहिला त्या दोन इंचांत
आणि दर वेळी तो वाट पाहत थांबला,
आपला आपण विझेपर्यंत.
कालव्याच्या पाण्यावर आमची खिडकी
निळी होत होती, काळी होत होती.
पलीकडून रखवालदार ओरडला. कुणी ओ दिली नाही.

सकाळी पट्ट्या नव्या कापाव्या लागल्या.
तांब्याचे एक डॉलर दहा सेंट
त्यानं खतावणीत स्वतःच्या नावावर लिहिले.