हमालीचा दर

शाहूपुरीत गुळाचे सौदे सुरू झाले
की राजारामपुरीत आमचा फोन वाजतो :
"ताई, हमाली वाढलीया न्हवं,
तुमची पावती अजून जुनाच दर छापतीया."

दर जावाच्या पोटात होता.
भूपाल मगदुमांनी सात वर्षांपूर्वी लिहिलेला,
रव्याच्या वजनाखालच्या ओळीत,
हाताशी होता म्हणून.
दर बदलला की सगळं उसवायचं,
पुन्हा बांधायचं, पेनड्राइव्ह खिशात, स्कूटरला किक.
नवी पावती निघेपर्यंत मगदूम काट्यापाशी थांबायचे
आणि गुळाचा खडा चघळत परत यायचे.

मी दर बाहेर काढला.
साधी फाइल : नाव, बरोबरचं चिन्ह, आकडा.
हमाली. तोलाई. काट्याचा पोर्ट.
क्लासला म्हटलं, तू शोधत फिरू नकोस,
फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते तुला कशाला हवं?
लागेल ते हातात आणून मिळेल.

चालवलं. हातात नल.
दुपारचा डबा तसाच राहिला.
नाव बरोबर, फाइल जागेवर, स्पेलिंग तीनदा वाचलं.
मग कळलं, हा जन्मतानाच हिशेब मांडायला बसतोय
आणि देणारा येतोय जन्मानंतर.
मग कन्स्ट्रक्टरच्या कंसातच दर मागितला.
आता दर पदरात पडल्याशिवाय
हा जन्मालाच येत नाही.

राहिली शेवटची ओळ.
'अडचण आल्यास', आणि पुढं दहा आकडे.
नंबर माझा नाही, ऑफिसचा नाही.
मगदूम जाऊन दोन हंगाम झाले.

लावून बघितला.
"काट्याचं का?" बाईंचा आवाज.
"येतात की फोन अजून. पहाटेच येतात.
मी सांगते, बंद करून चालू करा.
बहुतेक वेळा होतं."

मी म्हटलं, काढते आजच नंबर.
पलीकडं कुकरची शिट्टी झाली.
"असू दे," म्हणाल्या, "तेवढाच कोणीतरी
त्यांचं नाव घेऊन बोलतं."

फाइलीत मी माझा नंबर लिहिला.
आणि कोडमध्ये, महिरपी कंसात, विसर्गासारख्या टिंबांपुढं
त्यांचा राहू दिला :
फाइल सापडलीच नाही,
तर हा.